मेंढ्यांच्या पोटातले जंत आणि अँटीबॉडी टेस्ट: सॅम्पल घेण्यापासून आकडा वाचण्यापर्यंत

शहापूर-मुरबाडकडून, कल्याण-भिवंडीच्या बाजूने मेंढ्यांचं सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) येतं, एलायझा (अँटीबॉडी मोजायची रंगाची टेस्ट) होते, ओडीचे म्हणजे रंग किती गडद त्याचे आकडे एक्सेलमध्ये भरले जातात आणि मग एक प्रश्न हमखास येतो: हिची अँटीबॉडी जास्त आलीय म्हणजे हिच्या पोटात जंत आहेत ना, डोस पाजू का? दुसरा प्रश्न ह्याच्या बरोबर उलटा: जास्त आलीय म्हणजे हिला आता जंत होणार नाहीत ना? दोन्हीचं उत्तर एकट्या आकड्यावरून देता येत नाही. अँटीबॉडी सांगते की ह्या शरीराची जंताशी गाठ पडलेली आहे. आत्ता पोटात जंतांच्या किती माद्या अंडी घालतायत ते लेंडी सांगते, रक्त किती गेलंय ते डोळ्याची पापणी आणि पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के ते) सांगतात. तिन्ही एकाच जनावराचं एकाच दिवशी घेतलं तरच आकड्याला अर्थ येतो.

आणि बहुतेक घोळ एलायझाच्या प्लेटवर होतच नाही, प्लेटच्या आधी होतो. वय लिहिलेलं नसतं, मेंढी गाभण होती की नाही ते माहीत नसतं, औषध कधी पाजलं ते कुणी विचारलेलं नसतं, सीरम लालभडक झालेलं असतं. म्हणून इथे तयारीवर जास्त लिहिलंय. एमव्हीएस्सी करणारे, पशुधन पर्यवेक्षक आणि फार्महाऊसवर चार मेंढ्या-शेळ्या पाळणारे अशा सगळ्यांसाठी आहे, ज्यांना लॅबशी देणंघेणं नाही त्यांनी सातवा आणि आठवा टप्पा सोडून दिला तरी चालेल.

## १. आधी ठरवा, नेमकं विचारायचंय काय

आपल्याकडे मेंढीच्या चौथ्या पोटातला मुख्य शत्रू हिमॉन्कस. मादीला लाल-पांढरा पीळ असतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ एमएल रक्त खातो, म्हणजे हजार जंत असले तर रोज ५० एमएल, आणि एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. गवतावरची अळी पोटात गेल्यापासून अंडी लेंडीत दिसायला जवळपास तीन आठवडे लागतात. हे तीन आठवडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

आता अँटीबॉडी म्हणजे एकच वस्तू नव्हे. तीन प्रकार कामाचे.

आयजीजी रक्तात भरपूर असते आणि मोजायला सोपी, म्हणून सगळे तीच मोजतात. ती मुख्यत्वे जंताशी संपर्क आला हे सांगते. संरक्षण आहेच असं त्यावरून म्हणता येत नाही.

आयजीए पोटाच्या अस्तरात तयार होते आणि खरं काम तिथेच करते, रक्तात तिचा थोडाच भाग उतरतो. स्कॉटलंडमधल्या मेंढ्यांवर टेलाडॉर्सेजिया ह्या थंड प्रदेशातल्या पोटाच्या जंतावर बरंच काम झालंय, त्यात दिसलं की चौथ्या अवस्थेतल्या अळीविरुद्ध आयजीए जास्त असेल तर जंताच्या माद्या आखूड राहतात आणि अंडी कमी घालतात. न्यूझीलंडमध्ये लाळेतली आयजीए मोजायची कार्ला नावाची टेस्ट आहे, ती अळीच्या अंगावरच्या एका कार्बोहायड्रेटविरुद्धची आयजीए बघते आणि पैदाशीसाठी जनावरं निवडायला वापरतात.

आयजीई मास्ट सेल ह्या संरक्षक पेशींबरोबर मिळून आत शिरणाऱ्या अळ्यांना बाहेर काढायला मदत करते, पण ती मोजणं अवघड, साध्या लॅबने त्यात पडू नये असं माझं मत.

चेक: एक ओळ कागदावर लिहा. "कळपाचा जंतांशी संपर्क आलाय का" हे बघायचं असेल तर सीरम आयजीजी पुरे. "पैदाशीला कोणता नर ठेवू" असं असेल तर आयजीए आणि सोबत लेंडीची मोजणी. "आज औषध कुणाला पाजू" असा प्रश्न असेल तर इथेच थांबा, त्याला एलायझा लागतच नाही, थेट चौथ्या आणि सहाव्या टप्प्याला जा.

## २. कोणती जनावरं आणि कधी

इथे सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून जरा सावकाश वाचा.

कोकरं. मेंढीच्या वारेतून पिल्लाला अँटीबॉडी जात नाही, सगळी चिकातून मिळते, तीही पहिल्या चोवीस तासांत शोषली जाते तेवढीच. त्यामुळे महिन्याभराच्या कोकराची आयजीजी जास्त आली तर ती आईची असते, कोकराने स्वतः काही कमावलेलं नसतं. शिवाय मेंढीची जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती फार हळू तयार होते, पहिले काही महिने कोकरू जवळजवळ उघडंच असतं. तीन महिन्यांखालच्या कोकरांचे आकडे मोठ्यांच्या सरासरीत कधीही मिसळू नका.

गाभण आणि नुकत्याच व्यालेल्या. व्यायच्या आधीच्या दोन-चार आठवड्यांत मेंढी रक्तातली आयजीजी कासेकडे वळवते, चिकासाठी. म्हणजे रक्तातला आकडा खाली येतो आणि बघणाऱ्याला वाटतं हिची प्रतिकारशक्तीच गेली. गंमत अशी की ह्याच काळात खरोखरही तिची पकड सैल होते, व्यायच्या सुमारास आणि नंतरचे सहा-आठ आठवडे लेंडीतली अंडी वाढतात. दोन्ही गोष्टी एकावर एक येतात त्यामुळे ह्या गटाचा कागद वेगळा ठेवायचा. खाण्यात प्रथिनं चांगली असतील तर ही वाढ कमी होते, म्हणून पेंड कधीपासून चालू आहे तेही विचारून घ्या.

औषध पाजलेली. डोस दिल्यावर जंत पडतात, अंडी दोन-चार दिवसांत बंद होतात, पण रक्तातली आयजीजी आठवडेच्या आठवडे रेंगाळते. काल औषध पाजलेल्या कळपाचं आज सॅम्पल घेतलं तर अँटीबॉडी जास्त आणि अंडी शून्य असं सुंदर चित्र दिसतं, आणि लोक खूश होऊन "प्रतिकारक्षम कळप" असं लिहून मोकळे होतात.

मोसम. ठाणे जिल्ह्यात दोन प्रकारचे कळप भेटतात. एक स्थानिक, फार्मवरचे, जे पावसाळाभर इथेच असतात. त्यांना ओल्या गवतातून अळ्यांचा मारा जून-जुलैपासून सुरू होतो, त्यांचं सॅम्पल ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत घ्या. दुसरे धनगरांचे वाडे, दिवाळीनंतर माळशेज उतरून मुरबाड-कल्याणकडच्या भात कापलेल्या शेतांत बसायला येतात आणि पावसाआधी परत वर जातात. ते खाली आल्या आल्या घेतलेल्या सॅम्पलमध्ये जी अँटीबॉडी दिसते ती घाटावरच्या पावसाळी चराईची असते, आपल्या मुरबाडच्या शेताची नव्हे. इथल्या चराईचा परिणाम बघायचा असेल तर पहिलं सॅम्पल येताच आणि दुसरं चार-सहा आठवड्यांनी, त्याच जनावरांचं.

> सावध: एप्रिल-मेमध्ये शेतं करपलेली असतात, अळ्या उन्हात मरतात, नवा मारा नसतो. तेव्हा लाळेतली आयजीए कमी आली म्हणून मेंढा कमजोर ठरवू नका. जनावर काही आठवडे अळ्या असलेल्या रानात चरलेलं असेल तरच ती टेस्ट बोलते.

## ३. निघायच्या आधी

रक्त नोंदणीकृत व्हेटनेच घ्यायचं किंवा त्याच्या देखरेखीखाली. रिसर्चचं काम असेल तर कॉलेजच्या प्राणी नैतिक समितीची, म्हणजे आयएईसीची, मंजुरी आधी. नंतर घेऊ असं म्हणून कुणी निघू नये, थीसिसच्या वेळी तेच अंगाशी येतं.

सामान: सीरमसाठी लाल टोपणाच्या साध्या ट्यूब, पीसीव्हीसाठी जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूब, १८ ते २० गेजच्या सुया, प्रत्येक जनावराला नवी सुई, स्पिरिटचा कापूस, ग्लव्ह्ज, लेंडीसाठी छोट्या झिप पिशव्या, लाळेसाठी डेंटल कापसाचे रोल आणि चिमटा, पापणीचं फमाचा कार्ड (पापणीच्या रंगावरून रक्त किती कमी झालंय ते बघायचं रंगीत कार्ड), आईस पॅक असलेला डबा आणि एक ट्यूब स्टँड जो गाडीत आडवा पडणार नाही.

लेबल पेन्सिलीने किंवा अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या पेनने. साध्या मार्करवर स्पिरिटचा ओला हात लागला की नंबर गायब आणि मग वीस ट्यूब नुसत्या शोभेच्या. नंबर टोपणावर लिहू नका, ट्यूबच्या अंगावर लिहा, टोपणं लॅबमध्ये अदलाबदल होतात.

नोंदवहीचे रकाने घरूनच आखून न्या: बिल्ला नंबर, जात, दातांवरून वय, गाभण किंवा व्याल्याची तारीख, शेवटचं औषध कोणतं आणि कधी, शेवटची लस कोणती, पापणीचा नंबर, हगवण किंवा जबड्याखाली सूज. वाड्यावर उभं राहून रकाने आठवत बसलात तर निम्मे राहतात.

चेक: ट्यूब, पिशवी, लाळेची नळी तिन्हीवर एकच नंबर आधीच घालून, रबरबँडने एकत्र बांधून ठेवलंय का? वाड्यावर पोचल्यावर नंबर घालायला वेळ मिळत नाही, मेंढ्या चरायला सुटायच्या घाईत असतात.

## ४. वाड्यावर: कामाचा क्रम

सकाळी मेंढ्या सुटायच्या आत पोचायचं. उशीर झाला तर धनगर मामा थांबत नाहीत आणि थांबावं अशी अपेक्षाही करू नये, त्यांचा दिवस चराईवर चालतो. आधी बोलून ठेवा, "मामा, तासभर लागेल, लंगड्या-आजारी आधी दाखवा" असं सांगितलं की ते स्वतः धरून देतात, आणि मेंढी धरायची कला आपल्यापेक्षा त्यांना कितीतरी जास्त आहे. औषधाचं नाव त्यांना आठवत नसेल तर बाटली दाखवायला सांगा, रिकामी बाटली बहुतेक वेळा पालात कुठेतरी पडलेली असते.

क्रम हा असा आणि असाच ठेवा:

१. लाळ. सगळ्यात आधी, चरण्यापूर्वी. चिमट्यात कापसाचा रोल धरून गालाच्या आतल्या बाजूला अर्धा-एक मिनिट फिरवा, भिजला की नळीत टाकून बर्फावर. नुकतंच पाणी प्यायलेलं किंवा तोंडात चारा असलेलं जनावर घेऊ नका, लाळ पातळ होते आणि आकडा उगाच घसरतो. हिरवा झालेला रोल टाकून द्या.

२. पापणी. खालची पापणी सावलीत नाही, उजेडात बघा, कार्ड शेजारी धरून. १ म्हणजे लालचुटूक, ५ म्हणजे पांढरीफटक. नुसत्या अंदाजाने नंबर देऊ नका, पाच-दहा मेंढ्यांनंतर डोळा सवयीने फसतो आणि सगळ्याच ३ वाटायला लागतात.

३. रक्त. मानेच्या शिरेतून, आधी साधी ट्यूब ५ एमएल, मग ईडीटीए २ एमएल. उलटं केलं तर ईडीटीएचा अंश सीरमच्या ट्यूबमध्ये जायची भीती. सिरिंज वापरत असाल तर सुई काढून ट्यूबच्या कडेने हळू सोडा, जोराने फवारलं की तांबड्या पेशी फुटतात. ईडीटीए ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करा, साधी ट्यूब अजिबात हलवू नका.

४. लेंडी. थेट गुदद्वारातून, ग्लव्ह्ज घालून, ५ ग्रॅम तरी. जमिनीवरची उचलायची नाही, ती कुणाची ते कळत नाही आणि मातीतल्या स्वतंत्र जगणाऱ्या अळ्या त्यात घुसतात. पिशवीतली हवा दाबून काढा.

> सावध: पापणी ४ किंवा ५ असलेली, जबड्याखाली पाणी उतरलेली मेंढी दिसली तर अभ्यास बाजूला. तिचं रक्त जास्त काढू नका, तिला तिथल्या तिथे व्हेटच्या सल्ल्याने औषध द्या आणि नोंद करा. सॅम्पलपेक्षा ती मेंढी मोठी.

## ५. मुरबाड ते लॅब: सीरम कसं वाचवायचं

साधी ट्यूब सावलीत, तिरकी, तासभर ठेवा म्हणजे गाठ नीट धरते. गाठ धरायच्या आधीच बर्फात घातली तर सीरम कमी सुटतं, आणि तशीच गाडीच्या डिकीत ठेवून कल्याण-मुरबाड रोडच्या खड्ड्यांतून आणली तर लॅबमध्ये पोचेपर्यंत ट्यूबमध्ये लाल पाणी असतं. तासभर थांबायला वेळ नाही असं सगळे म्हणतात, पण तेवढ्यात लेंड्या आणि वहीचं काम उरकतं, चहाही होतो.

गाठ धरली की आईस पॅकच्या डब्यात, पण ट्यूब थेट पॅकला टेकवायची नाही, मध्ये कागद किंवा कापड. लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० ते २००० जीला दहा-पंधरा मिनिटं फिरवा. वरचं सीरम फिक्या पिवळसर रंगाचं आणि आरपार हवं. गुलाबी असेल तर वहीत तशी खूण करा, लाल असेल तर फेकून द्या, जीव तुटला तरी.

सीरम अर्ध्या-अर्ध्या एमएलच्या तीन नळ्यांत वाटून -२० डिग्रीला. एकाच नळीत ठेवून दर वेळी वितळवायचं आणि परत गोठवायचं हे प्रकार अँटीबॉडीला मानवत नाहीत. घरच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून तापमान वर जातं, तिथे दोन-चार दिवस ठीक, महिनाभर नको. आणि ज्या भागात लाईट जाते तिथल्या डीप फ्रीजरमध्ये एक सोपी युक्ती: छोट्या वाटीत बर्फ गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. सुट्टीनंतर नाणं तळाला गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं एवढं नक्की.

ईडीटीए रक्त गोठवायचं नाही. त्याच दिवशी पीसीव्ही करा. मेंढीत साधारण २७ ते ४५ टक्के हे नॉर्मल धरतात.

## ६. लेंडीतली अंडी मोजणं

लेंडी फ्रीजमध्ये ४ डिग्रीला, दोन-तीन दिवसांत मोजून टाका. बाहेर ठेवली तर आपल्या दमट हवेत एका दिवसात अंडी फुटून अळ्या निघतात आणि मोजणी कमी येते.

मॅकमास्टरची पद्धत: २ ग्रॅम लेंडी, २८ एमएल मिठाचं संपृक्त द्रावण, नीट घोटून चहाच्या गाळणीतून गाळायचं, ढवळत असतानाच पिपेटने दोन्ही खणांत भरायचं, पाच मिनिटं थांबायचं म्हणजे अंडी वर येतात. दोन्ही खणांतली अंडी मोजून बेरजेला ५० ने गुणलं की एका ग्रॅममधली अंडी, म्हणजे ईपीजी.

चुका इथेही ठरलेल्या आहेत. वजन न करता "चार लेंड्या" घेणं. मीठ पुरतं न विरघळवणं, तळाशी थोडं मीठ उरलेलं दिसलं तरच द्रावण संपृक्त समजा. ढवळणं थांबवून मग पिपेट घालणं. आणि सगळ्यात मोठी: भातशेतात चरणाऱ्या जनावरांत यकृतातला चपटा जंत आणि रुमेनमधले (पहिल्या पोटातले) चपटे जंत खूप असतात, त्यांची अंडी जड, मिठाच्या पाण्यात वर येत नाहीत. ईपीजी कमी, मेंढी मात्र फिकी आणि सुकलेली, असं दिसलं तर गाळ बसवून बघायची पद्धत वापरा, नाहीतर हिमॉन्कसच्या नावाने तपास चालू राहतो आणि दोषी दुसराच असतो.

अंडी बघून हिमॉन्कस की ट्रायकोस्ट्राँगायलस (त्याच्याच नात्यातला दुसरा गोल जंत) हे नक्की सांगता येत नाही, दिसायला सारखीच. त्यासाठी लेंडी ओलसर ठेवून साधारण २७ डिग्रीला सात-दहा दिवस अळ्या वाढवायच्या आणि अळ्या ओळखायच्या.

## ७. अँटीजेन: न दिसणारा खड्डा

अँटीजेन म्हणजे जंताचा तो माल ज्याला अँटीबॉडी चिकटते, प्लेटवर तोच लावायचा असतो. तयार किट सहज मिळत नाही, बहुतेक लॅब अँटीजेन स्वतः बनवतात. कत्तलखान्यातून ताजं चौथं पोट आणायचं, तासा-दोन तासांच्या आत उघडायचं, जंत चिमट्याने वेचून कोमट पीबीएसमध्ये चार-पाच वेळा धुवायचे.

आता खड्डा. हिमॉन्कस रक्त पितो. त्याच्या आतड्यात मेंढीचंच रक्त असतं, त्यात मेंढीचीच आयजीजी असते. मोठे जंत अख्खे वाटून अँटीजेन केलं तर ती आयजीजी प्लेटला चिकटते, आणि तुमचं अँटी-शीप कॉन्जुगेट (मेंढीच्या अँटीबॉडीला धरून रंग आणणारं रसायन) थेट तिला जाऊन धरतं. सगळ्याच खणांना रंग येतो, निगेटिव्हलाही, आणि लोक ब्लॉकिंगचं दूध बदलून बघतात, धुण्याची वेळ वाढवतात, कॉन्जुगेट कंपनीला शिव्या घालतात.

चेक, हा सोडायचाच नाही: काही खणांत अँटीजेन आणि कॉन्जुगेट घाला, सीरम अजिबात नको. रंग आला तर दोष अँटीजेनमध्ये.

ह्यावर उपाय म्हणजे तिसऱ्या अवस्थेच्या अळ्यांचं अँटीजेन वापरा, त्या रक्त पीत नाहीत. किंवा जिवंत जंत अँटिबायोटिक घातलेल्या कल्चर मीडियात ३७ डिग्रीला ठेवा, पहिल्या काही तासांचं पाणी ओतून टाका आणि नंतरचं ईएस अँटीजेन (जंतांनी बाहेर सोडलेला माल) म्हणून घ्या. वाटायचंच असेल तर बर्फावर, प्रोटिएज इनहिबिटर घालून, मग १०,००० जीला अर्धा तास ४ डिग्रीला. शेवटी प्रोटीन मोजा, छोट्या वाट्यांत गोठवा, एका अभ्यासाला एकच बॅच.

आणि हेही माहीत असू द्या की असलं कच्चं अँटीजेन हिमॉन्कसपुरतं मर्यादित राहत नाही, ट्रायकोस्ट्राँगायलससारख्या नातेवाईक जंतांच्या अँटीबॉडीही त्याला धरतात. रिपोर्टमध्ये "हिमॉन्कस पॉझिटिव्ह" असं ठोकून न लिहिता "पोट-आतड्यातल्या गोल जंतांशी संपर्क" असं लिहा.

## ८. प्लेट

खालची मापं सुरुवातीची समजा, आपल्या अँटीजेनला चेकरबोर्ड करून (वेगवेगळी प्रमाणं एकाच प्लेटवर ताडून) नक्की करा.

१. अँटीजेन ५ मायक्रोग्रॅम प्रति एमएल, ९.६ पीएचच्या कार्बोनेट बफरमध्ये, प्रत्येक खणात १०० मायक्रोलिटर, झाकून रात्रभर ४ डिग्रीला.
२. ०.०५ टक्के ट्वीन घातलेल्या पीबीएसने तीन वेळा धुवा, दर वेळी टिश्यूवर आपटून पूर्ण कोरडं.
३. ५ टक्के स्किम मिल्क पावडरने ब्लॉकिंग, ३७ डिग्रीला एक तास. परत धुवा.
४. सीरम आयजीजीसाठी १:१०० ते १:२०० पासून, आयजीएसाठी १:१० पासून बघा, प्रत्येक सॅम्पल दोन खणांत, ३७ डिग्रीला एक तास. पाच वेळा धुवा.
५. एचआरपी लावलेलं अँटी-शीप आयजीजी किंवा आयजीए, कंपनीने सांगितलेल्या आसपासचं डायल्युशन, एक तास. पाच वेळा धुवा.
६. टीएमबी, अंधारात दहा-पंधरा मिनिटं, मग सल्फ्युरिक अॅसिडने थांबवा, ४५० नॅनोमीटरला लगेच वाचा.

"रूम टेंपरेचर" ह्या शब्दाला फसू नका. परदेशी प्रोटोकॉलमधली रूम २२ ते २५ डिग्रीची असते, आपल्याकडे मे महिन्यात पंखा लावलेली खोली ३३ ला असते आणि टीएमबी निम्म्या वेळात गडद होतं. एसी नसेल तर इनक्युबेटरचं तापमान धरून सगळ्या प्लेट तशाच चालवा.

बफर टिकावं म्हणून सोडियम अझाइड घालायची सवय असेल तर ती इथे मोडा, अझाइड एचआरपीला मारतं. कडेच्या खणांत बाष्पीभवनाने आकडे चढतात, म्हणून प्लेट झाकून ओलसर डब्यात ठेवा, एकावर एक रचू नका.

प्रत्येक प्लेटवर पॉझिटिव्ह पूल, निगेटिव्ह, सीरम नसलेले खण आणि नुसतं बफर. निगेटिव्ह मिळवणं हा आपल्याकडचा खरा त्रास आहे, कारण बाहेर चरणारी प्रत्येक मेंढी जंतांना भेटलेली असते. चीक प्यायच्या आधीचं कोकराचं रक्त लोक वापरतात, पण त्यात एकूणच अँटीबॉडी नगण्य असते, त्यामुळे कटऑफ फार खाली येतो आणि सगळं जग पॉझिटिव्ह दिसतं. जन्मापासून गोठ्यातच, सुक्या चाऱ्यावर वाढवलेली चार-पाच महिन्यांची कोकरं मिळाली तर ती सोन्यासारखी, त्यांची लेंडी दोन-तीनदा तपासून मगच निगेटिव्ह म्हणा.

चेक: दोन जुळ्या खणांत १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ते सॅम्पल परत. पॉझिटिव्ह पूल नेहमीपेक्षा खूप वर-खाली गेला तर अख्खी प्लेट परत. आणि एका जनावराचं पहिलं-दुसरं सॅम्पल एकाच प्लेटवर चालवा, वेगवेगळ्या दिवशीच्या ओडी थेट शेजारी ठेवून तुलना करायची नाही. सॅम्पलच्या ओडीतून ब्लँक वजा करून पॉझिटिव्हच्या टक्केवारीत लिहा.

## ९. आकडा वाचणं

आता वही, ईपीजी, पीसीव्ही, पापणी आणि टक्केवारी शेजारी-शेजारी ठेवा.

अँटीबॉडी जास्त, अंडी कमी, पापणी लाल, वय दोन वर्षांच्या वर, गेल्या दोन महिन्यांत औषध नाही: हे जनावर जंतांना आवर घालतंय असं म्हणायला आधार आहे. ह्यातली एकही अट सुटली तर आधारही सुटला.

अँटीबॉडी जास्त आणि अंडीही जास्त: संपर्क भरपूर, पण शरीराला तो पेलवत नाहीये. हा गट पाहून लोक गोंधळतात आणि टेस्ट चुकली म्हणतात. टेस्ट बरोबर असते. आयजीजी भरपूर असून संरक्षण नाही असं मेंढ्यांत नेहमी दिसतं.

अँटीबॉडी कमी, अंडी जास्त: कोवळं वय, उपासमार, व्यायच्या आसपासचा काळ, किंवा नुकताच पीपीआरसारखा (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) आजार येऊन गेलाय. कळपात सगळ्यात आधी कोलमडतात ती हीच.

दोन्ही कमी: बहुधा संपर्कच नाही. बांधून खाणाऱ्या मेंढ्याला "प्रतिकारक्षम" म्हणून पैदाशीला विकणाऱ्यांपासून सांभाळा, त्याची परीक्षाच झालेली नसते.

संपर्कानंतर अंडी दिसायला तीन आठवडे लागतात हे वर सांगितलं होतं. त्या खिडकीत अँटीबॉडी वर चढत असते आणि ईपीजी शून्य असतो. एकाच सॅम्पलवर हे आणि खरं संरक्षण ह्यांत फरक कळत नाही, दुसरं सॅम्पल लागतंच.

लसीबद्दलही विचारतात. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये हिमॉन्कसची बार्बरव्हॅक्स नावाची लस आली. ती जंताच्या आतड्याच्या अस्तरातली प्रथिनं वापरून बनते, मेंढीच्या रक्तातली अँटीबॉडी जंत रक्ताबरोबर पितो आणि ती त्याच्या आतड्याला जाऊन चिकटते. पण नैसर्गिक लागणीत ही प्रथिनं मेंढीच्या शरीराला दिसतच नाहीत, त्यामुळे चरून चरून ही अँटीबॉडी वाढत नाही, टोचणं पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. म्हणून आपल्या एलायझाचा आकडा आणि त्या लसीच्या अँटीबॉडीचा आकडा ह्यांचा मेळ घालू नका.

## १०. कळपावर काय करायचं

औषध अँटीबॉडीच्या आकड्यावर कधीच ठरवायचं नाही. पापणी ४-५ असलेल्यांना द्या, कोकरं आणि गाभण-व्यालेल्यांत ३ असेल तरी द्या, बाकीच्यांना सोडा. सगळ्या कळपाला दर महिन्याला पाजत राहिलं की औषध पचवणारेच जंत मागे उरतात. डोस वजनावर ठरवा, अंदाजाने "एक टोपण" नको, कमी डोस सगळ्यात घातक. गाभणपणाच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात अल्बेंडाझोल टाळा, पोटातल्या पिल्लाला व्यंग येऊ शकतं.

डोसनंतर चौदा दिवसांनी त्याच दहा-पंधरा जनावरांची लेंडी परत मोजा. अंडी ९५ टक्क्यांनी कमी झाली नाहीत तर ते औषध तुमच्या कळपात थकलंय, व्हेटशी बोलून दुसऱ्या गटातलं घ्या, नुसतं दुसऱ्या कंपनीचं तेच औषध आणू नका.

पैदाशीचा नर निवडताना एका वर्षाचा आकडा पुरत नाही. पावसाळ्यानंतर दोन वेळा ईपीजी कमी, पापणी चांगली, वजन टिकलेलं आणि आयजीए वरच्या अंगाला, असे नर वेगळे काढा. मादी ईपीजी जास्त देत असेल आणि दर वर्षी औषध मागत असेल तर तिची कोकरं मागे ठेवू नका, दिसायला कितीही भरलेली असली तरी.

आणि धनगर मामांना रिझल्ट सांगायला विसरू नका, तोही टक्केवारीत नव्हे. बिल्ल्याचा नंबर सांगून ह्या चार मेंढ्यांना औषध, हा नर ठेवा, हा विका, एवढंच. वाडा पुढच्या गावाला कधी हलणार ते त्याच फोनवर विचारून घ्या, कारण चार-सहा आठवड्यांचं दुसरं सॅम्पल घ्यायला जाल तेव्हा ते मुरबाडला नसून पार भिवंडीच्या पलीकडे असू शकतात.